वाक कुठे शिरला

पोलादी बॉलच्या दोन जोड्यांवर एक भरलेलं काडतूस आडवं ठेवायचं. पितळी पुंगळीचं बूड मागच्या टेकूला लावायचं, आणि पुढे गोळी जिथे निमुळती व्हायला लागते तिथे डायल इंडिकेटरची दांडी अलगद टेकवायची. मग बोटाच्या पेराने पुंगळी सावकाश फिरवायची. काटा थोडा वर चढतो, थांबतो, खाली येतो, पुन्हा निघाला होता तिथे पोहोचतो. पूर्ण फेऱ्यात तो जितका हलला तितका आकडा लिहून ठेवायचा. रायफलची काडतुसं घरी भरणारे लोक याला रनआउट म्हणतात. माप थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. 1 थाऊ म्हणजे 25.4 मायक्रॉन. दुकानातल्या साध्या पेटीत 5-6 थाऊची काडतुसं सहज सापडतात. नेटाने भरलेल्यांत आकडा 2 थाऊपर्यंत येतो, आणि स्पर्धेला जाणारे लोक 1 थाऊच्या आत राहायची धडपड करतात.

डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. 5 थाऊ वाकलेलं आणि अर्धा थाऊ वाकलेलं काडतूस शेजारी ठेवलं तर सराईत माणूसही फरक सांगू शकणार नाही. हा वाक काट्यालाच कळतो, आणि काट्यालाही अर्धवटच कळतो. वाक आहे एवढं तो सांगतो. तो कुठून आला, कोणत्या टप्प्यावर आत शिरला, याबद्दल काटा मुका असतो. मला या सगळ्या कामात गुंतवून ठेवलं ते या मुकेपणाने.

डायल माझ्या हाताला नवा नव्हता. कोल्हापुरात शिरोलीच्या एका टूलरूममध्ये मी शिकलो. तिथे चार जॉच्या चकात जॉब धरून तो ट्रू करणं हा पहिला धडा होता. डायल लावायचा, चक हाताने फिरवायचा, काटा वर जाईल तिकडचा जॉ किंचित आवळायचा आणि समोरचा सैल करायचा. उस्ताद मागे उभे असायचे आणि एवढंच विचारायचे, "कशाच्या हिशेबाने आउट आहे?" जॉब वाकडा आहे, की तो चकात वाकडा धरला आहे, की चकाचा स्पिंडलच फिरताना डुलतो आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि काट्यावर तिन्ही सारख्याच दिसतात. त्यांचा तो प्रश्न पुढे ओहायोत राहायला आल्यावर पितळेच्या पुंगळ्यांपाशी मला पुन्हा भेटला.

इथे शेजारी एक निवृत्त टूलमेकर राहतात. त्यांच्या तळघरात एका भिंतीला लागून लाकडी बाक आहे, त्यावर हाताने ओढायचा प्रेस, तराजू, डायांचे डबे. इरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी इथे 1907 पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरतात, आणि तिथे ते वर्षानुवर्षं जात आले आहेत. 600 यार्डांवरच्या लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ 12 इंचांचं असतं आणि सरोवरावरून येणारा वारा कधी कुठे वळेल याचा भरवसा नसतो. वाऱ्यावर आपला हात नाही, म्हणून ज्यावर आहे ते तरी नीट करावं, असं त्यांचं साधं म्हणणं. अमेरिकेत हे काम कायदेशीर छंद आहे. एकदा उडवलेली पुंगळी पुन्हा वापरायची, तिला मूळ मापावर आणायचं, नवा प्रायमर बसवायचा, दारू मोजून घालायची, वर गोळी बसवायची. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे आपल्याकडे या बाकाभोवती जमणारी मंडळी तयारच झाली नाहीत. मी स्वतः नेमबाज नाही, होण्याची ओढही नाही. मला ओढ आहे ती प्रेसच्या आणि डायलच्या मधल्या कामाची.

इतका सूक्ष्म वाक का मोजायचा, हे समजून घेण्यासाठी गोळी नळीतून बाहेर पडते तो क्षण पाहायला हवा. लहानपणी ज्याने भोवऱ्याला स्वतः आर ठोकली असेल त्याला हे लवकर कळेल. आर मध्यावरून जराशी सरकली की भोवरा जाळीतून सुटताच एका जागी न राहता हातभर गोल फिरत सुटतो. गोळी नळीत असते तोवर नळीच्या अक्षाभोवती फिरायला बांधलेली असते. बाहेर पडताच तिला धरणारं कोणी उरत नाही आणि ती आपल्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरू लागते. हे केंद्र नळीच्या अक्षावर नेमकं नसेल, तर नळीत असताना ते मळसूत्रासारखं वळणं घेत पुढे येत असतं, आणि तोंडाशी सुटताना त्या वळणाची आडवी गती घेऊनच सुटतं. गोळी निशाण्याकडे जाते, पण थोडी बाजूलाही सरकत जाते.

हिशेब सोपा आहे. नळीतल्या आट्यांचा एक पूर्ण फेरा 10 इंचांत, म्हणजे 254 मिलिमीटरमध्ये होतो असं धरू. वस्तुमानकेंद्र अक्षापासून 10 मायक्रॉन सरकलं असेल, तर एका फेऱ्यात ते त्रिज्येच्या 2π पट वाट आडवी चालतं आणि तेवढ्यात गोळी 254 मिलिमीटर पुढे जाते. या दोन्हींचा भागाकार केला की 100 मीटरवर साधारण 25 मिलिमीटर येतात. शतांश मिलिमीटरची चूक अडीच सेंटिमीटर होऊन कागदावर उमटते. गंमत अशी की या हिशेबात वेग कुठेच येत नाही. सेकंदाला 2800 फूट वेगाने निघालेली गोळी मिनिटाला 2 लाखांहून अधिक फेरे घेते, आणि वेग वाढवला तर फेरेही त्याच प्रमाणात वाढतात. आडवी गती वाढते, पण निशाण्यापर्यंतचा वेळ तेवढाच कमी होतो. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते फक्त जागा, किती सरकलं तेवढं. मला हे समीकरण फार देखणं वाटतं.

गोळ्यांच्या या खोडीचा छडा लावायला आयुष्य वाहून घेतलेला माणूस म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचे डॉक्टर फ्रँकलिन मॅन. शिक्षणाने वैद्य. कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं बारीक करणारं यंत्र त्यांनी बनवलं आणि विकलं. त्यांचा जीव मात्र चांदमारीत. नेमबाजाचा खांदा, श्वास आणि डोळा हिशेबातून वगळावेत म्हणून त्यांनी रायफलची नळी काँक्रीटच्या जड ओट्यावर खाचेत बसवली आणि तिथून गोळ्या सोडल्या. वाटेत ओळीने पातळ कागदांचे पडदे लावले, म्हणजे गोळी कुठे कलंडली, कुठे सावरली ते भोकांच्या आकारावरून वाचता यावं. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे त्यांनी गोळ्या मुद्दाम बिघडवल्या. कुठे बूड तिरकं कापलं, कुठे कडेला भोक पाडून तोल घालवला, आणि दोष कोणत्या बाजूला ठेवला की गोळी कोणत्या बाजूला जाते ते तपासलं. 1909 मध्ये त्यांचं ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टु टार्गेट’ हे जाड पुस्तक निघालं. एखादा दोष समजून घ्यायचा असेल तर तो मापून-मोजून निर्माण करता आला पाहिजे. शिरोलीतल्या उस्तादांना हे डॉक्टर नक्की आवडले असते.

आता इथे एक अडचण आहे, आणि रनआउटबद्दल बोलणारे बरेच लोक ती ओलांडून पुढे जातात. समजा काट्याने 4 थाऊ दाखवले. काटा पूर्ण फेऱ्यातली एकूण हालचाल दाखवतो, म्हणजे प्रत्यक्ष सरकणं त्याच्या निम्मं, 2 थाऊ, सुमारे 50 मायक्रॉन. वरच्या हिशेबात हे जसंच्या तसं घातलं तर 100 मीटरवर गोळी साडेबारा सेंटिमीटर बाजूला जायला हवी. तसं होत नाही. साध्या पेटीतली वाकडी काडतुसंदेखील चांगल्या रायफलीतून तीन-चार सेंटिमीटरांच्या ग्रुपमध्ये, म्हणजे भोकांच्या झुबक्यात, पडतात. याचा अर्थ उघड आहे. काडतुसातला वाक आणि नळीतला वाक एक नव्हेत. दांडी टेकते ती जागा वस्तुमानकेंद्राच्या बरीच पुढे असते, त्यामुळे तिरपी बसलेली गोळी टोकाकडे जास्त हलते आणि केंद्रापाशी कमी. त्यानंतर नळीचा घसा येतो. पुंगळीच्या मानेतून सुटलेली गोळी आट्यांच्या सुरुवातीच्या उतारावर घासते आणि तिथे तिला बरीचशी सरळ व्हावंच लागतं. बरीचशी, पूर्ण नाही. ती किती सरळ होते हे गोळीच्या लांबीवर, घशाच्या कातकामावर आणि गोळी आट्यांपासून किती मागे बसवली आहे यावर अवलंबून.

शिवाय चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस जिथे बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, मोकळी जागा असते. कारखान्यात बनलेल्या रायफलीत ती मुद्दामच ठेवतात, कारण कोणत्याही पेटीतलं काडतूस आत गेलंच पाहिजे. मग अगदी सरळ काडतूससुद्धा चेंबरच्या तळाला टेकून पडतं, आणि बोल्टमधला इजेक्टरचा स्प्रिंग त्याच्या बुडाला एका बाजूने ढकलतो. बाकावर ज्या अक्षाभोवती आपण सरळपणा मोजला तो अक्ष रायफलीत गेल्यावर तोच राहत नाही. कशाच्या हिशेबाने आउट, हा प्रश्न इथेही सुटत नाही.

म्हणून या विषयावर दोन तट आहेत. काहींच्या मते तीन-चार थाऊपर्यंत कागदावर काहीही फरक दिसत नाही आणि डायल हा वेळ घालवण्याचा उद्योग आहे. काहींच्या मते प्रत्येक थाऊ कागदावर उमटतो. दोघेही आपापल्या रायफलीबद्दल खरं बोलत असावेत. बेंचरेस्टवाले, म्हणजे दगडी बाकावर रायफल टेकवून पाच-पाच गोळ्या एकाच भोकात घालू पाहणारे, चेंबरची मान मुळातच तंग कातून घेतात आणि पुंगळीची मान बाहेरून छिलून त्यात केसभर फट ठेवतात. तिथे काडतुसाला कलंडायला जागाच नसते. त्यांचं लाडकं 6 मिलिमीटर पीपीसी काडतूस 1970 च्या दशकात दोघांनी मिळून घडवलं. एक पाल्मिसानो नावाचे शल्यविशारद, दुसरे पिंडेल नावाचे टूलमेकर. अमेरिकेतल्या या छोट्याशा जगात डॉक्टर आणि कारागीर एकाच बाकाशी बसलेले वारंवार दिसतात, हे मला फार भावतं. हॅरल्ड व्हॉन हे सँडिया प्रयोगशाळेत क्षेपणास्त्रांच्या वायुगतिकीवर काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी 1998 मध्ये आलेल्या ‘रायफल ॲक्युरसी फॅक्ट्स’मध्ये नळीतल्या तिरप्या गोळीचा प्रश्न मोजमाप करून मांडला. ते वाचलं की कळतं, वादापेक्षा मापं जास्त बोलकी असतात.

माझा स्वतःचा कल मधला आहे. शिकारीच्या साध्या रायफलीसाठी काडतूस न् काडतूस डायलवर फिरवणं व्यर्थ. पण डायलचा खरा उपयोग काडतुसं निवडण्याचा नाहीच, असं मला आता पक्कं वाटतं. भरलेलं काडतूस हा शेवटचा टप्पा. तिथे काटा हलला म्हणजे कुणीतरी आधीच काहीतरी करून ठेवलं आहे. तेव्हा डायल घेऊन उलट्या दिशेने, उगमाकडे चालत जायचं.

सुरुवात उडवलेल्या पुंगळीपासून. दारू पेटली की पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि क्षणात थोडं आक्रसून सुटतं. चेंबर एकाच अक्षावर कातलेलं असेल तर त्यातून निघालेल्या पुंगळीची मान तिच्या धडाशी जवळजवळ सरळ असते. डायल लावून पाहा, काटा जेमतेम हलतो. म्हणजे स्फोटाने वाक आणला नाही, उलट मोडला. मग पुंगळी तिला मूळ मापावर आणणाऱ्या सायझिंग डायमध्ये दाबायची, पण मान आतून रुंदावणारा एक्सपांडर बॉल काढून ठेवून. पुन्हा डायल. काटा बहुधा अजून शांतच असतो. आता एक्सपांडर लावून तेच करायचं. डायने मान गरजेपेक्षा जास्त आवळलेली असते आणि हा बॉल परत बाहेर येताना त्या आवळलेल्या मानेतून ओढला जातो. पितळ ओढीला विरोध करतं, मान लांबते, आणि भिंत सगळीकडे सारखी नसेल तर एका बाजूला झुकते. हँडल वर नेताना हाताला ती ओढ जाणवते, कधी करकर ऐकूही येते. पुन्हा डायल लावला की 1 थाऊचे 4 झालेले असतात.

वाक इथे शिरला. हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर घडलं तेव्हा मला झालेला आनंद कुठल्याही ग्रुपने झाला नसता.

उपाय मग आपोआप सुचतात. बॉल काढून टाकायचा. डायमध्ये बदलता येणारं बुशिंग लावायचं, म्हणजे मान हवी तेवढीच आवळली जाते, भरलेल्या काडतुसाच्या मानेपेक्षा दोन-तीन थाऊ कमी, बस. नाहीतर मान आवळून झाल्यावर आतून सरळ मँड्रेल खाली ढकलायचा. ओढण्यापेक्षा ढकलताना मानेला खालून खांद्याचा आणि धडाचा आधार मिळतो. मानेच्या आत थोडं वंगण. आणि काही वेळा उडवून कडक झालेलं पितळ तापवून पुन्हा मऊ करायचं, कारण कडक पितळ दाबल्यावर उसळून परत येतं आणि सगळीकडे सारखं उसळत नाही.

सारखं का उसळत नाही, याचं उत्तर आणखी मागे आहे, जिथे माझा हात पोहोचत नाही. पुंगळी 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असलेल्या पितळी पत्र्याच्या चकतीपासून बनते. चकतीची आधी वाटी करतात, मग पंच घालून टप्प्याटप्प्याने ओढत तिचा लांब पेला करतात, मध्ये मध्ये तापवून मऊ करत. यातल्या एखाद्या टप्प्याला पंच डायच्या मध्यावरून किंचित जरी सरकला, तरी पेल्याची एक भिंत जाड आणि समोरची पातळ होते. ती विषमता पुढे कधीच पूर्णपणे जात नाही. विषमता जास्त असेल तर पुंगळी उडवली की पातळ बाजू जास्त ताणली जाते आणि पुंगळी केळीसारखी वाकते. मान आवळली की पातळ बाजू एका तऱ्हेने परत येते, जाड बाजू दुसऱ्या तऱ्हेने. मानेची भिंत बॉल मायक्रोमीटरने चार बाजूंना मोजली की पुंगळीचं भविष्य तिथेच कळतं. एक ते दीड थाऊ फरक असलेल्या पुंगळ्या मी वेगळ्या काढतो. मान बाहेरून छिलून ती एकसारखी करता येते, पण खाली धडात जी जाड-पातळ राहिली तिला कोण छिलणार?

पुढचा टप्पा गोळी बसवण्याचा. काही डायांत गोळी मानेला लागण्याआधीच पुंगळीचं धड आणि गोळी दोन्ही एका सरकत्या नळीत धरले जातात. तिथे वाकायला वाव कमी. साध्या डायमध्ये गोळी तोंडावर तिरकी ठेवली तर ती तिरकीच आत जाते. मानेची आतली कड चॅम्फरिंगच्या हत्याराने गुळगुळीत केलेली हवी, वरून दाबणारा दांडा गोळीच्या उतारावर सगळीकडे सारखा बसायला हवा, नुसता टोकावर नव्हे. अर्धी गोळी बसवून पुंगळी अर्धा फेरा फिरवायची आणि मग उरलेली दाबायची, असंही काही जण करतात. त्याने फार फरक पडतो असं मला दिसलेलं नाही. नीट धरणारी डाय असेल तर गरज नाही, नसेल तर तेवढ्याने भागत नाही.

आणि काट्याकडेही थोडं सावधपणे पाहायला हवं. एका फेऱ्यात काटा एकदाच वर गेला आणि एकदाच खाली आला, तर गोळी खरोखर सरकलेली किंवा तिरकी आहे. दोनदा वर आणि दोनदा खाली गेला, तर वाक नाहीच, मान किंवा गोळी लंबगोल आहे. सरकलेली आणि तिरकी यांतही भेद आहे. मानेलगत एक माप घ्यायचं, गोळीच्या पुढच्या भागावर दुसरं. दोन्ही सारखी आणि एकाच बाजूला असतील तर गोळी समांतर सरकलेली आहे आणि दोष मानेत आहे. पुढचं माप मोठं असेल तर गोळी कलंडलेली आहे आणि दोष बहुधा बसवण्यात आहे. दोन आकड्यांतून आपण बाकावर किती पावलं मागे जायचं ते ठरतं. दुसरं माप न घेता नुसतं "3 थाऊ" असं लिहिणं म्हणजे तपास अर्ध्यावर सोडणं.

बाजारात एक गेज असं मिळतं की त्यात काडतूस दोन टोकांनी धरून फिरवायचं, काटा सर्वांत वर येईल तिथे थांबायचं आणि बाजूचा स्क्रू पिळून गोळी ढकलून सरळ करायची. काही जण लाकडाच्या ठोकळ्यात भोक पाडून त्यात गोळीचं टोक घालतात आणि हाताने वाकवतात. काटा शांत होतो, आकडा छान दिसतो. मला हे पटत नाही. गोळी मानेत घट्ट बसलेली असताना तिला ढकलायचं, म्हणजे मानेलाच वाकवायचं. मान एका बाजूला दाबली जाते, दुसऱ्या बाजूला सुटते. तिची पकड, जी सगळीकडे सारखी राहावी म्हणून इतका खटाटोप केला, ती असमान होते. शिवाय पितळ उसळतं. हवं तिथे थांबवायचं तर त्यापलीकडे ढकलावं लागतं, आणि उरलेला ताण आतच राहतो. टूलरूममध्ये वाकलेला शाफ्ट प्रेसखाली घालून सरळ केला की उस्ताद तो लगेच ग्राइंडिंगला पाठवू देत नसत. आधी त्यातला ताण काढा म्हणत. काडतुसातला ताण काढायला तापवता येत नाही, आत दारू आहे.

शेजाऱ्यांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते एखाद्या थाऊची ढकल मानेला कळतही नाही, आणि स्पर्धेच्या आदल्या रात्री 4 थाऊचं काडतूस 2 थाऊवर आलं तर ते बरंच. ते तसं करतात आणि त्यांचे गुण चांगले येतात. तरी त्यांनाही मी विचारतो, की ते 4 थाऊ आले कुठून ते पाहिलंत का? दुरुस्त केलेल्या काडतुसावर कारणाची खूण उरत नाही, आणि पुढची शंभर काडतुसं त्याच डायमधून तशीच वाकडी निघत राहतात.

याहून प्रामाणिक वाटणारी एक पद्धत जुनी आहे. गेल्या शतकाच्या मध्यानंतर ‘अमेरिकन रायफलमन’ मासिकात अबाटिएल्लो यांनी कलंडलेल्या गोळ्यांच्या मोजमापाबद्दल लिहिलं होतं. वाक काढता येत नसेल तर त्याची बाजू ओळखायची, उंच बाजूला पुंगळीवर खूण करायची आणि काडतूस प्रत्येक वेळी ती खूण एकाच दिशेला ठेवून चेंबरमध्ये घालायचं. दोष तसाच राहतो, पण दर वेळी एकाच बाजूला ढकलतो, आणि एकाच बाजूला जाणारी चूक दुर्बिणीवर दोन खटके फिरवून भरून काढता येते. इथे दोष लपवलेला नाही, त्याला दिशा दिली आहे.

कोल्हापूरच्या नेमबाजांना यातलं काहीच करता येत नाही. 2010 मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत 50 मीटर प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या, 2024 मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळे यांनी 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारांत .22 चं रिमफायर काडतूस लागतं. त्याचा प्रायमर बुडाच्या काठातच भरलेला असतो, पुंगळी एकदा उडाली की संपली. घरी भरण्याचा, डाय बदलण्याचा, मान आवळण्याचा प्रश्नच येत नाही. दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं आणि गोळी साधारण 5.6 मिलिमीटरची. या खेळाडूंच्या हाती एकच गोष्ट असते, लॉट टेस्टिंग. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून उडवून बघायचे, ग्रुप मोजायचे, आणि जो लॉट आपल्या नळीला मानवला तो जमेल तेवढा घेऊन ठेवायचा. कारण शोधायला मागे जाता येत नाही, तेव्हा ते परिणामावरून निवड करतात. त्यांच्याकडे पाहिलं की मला माझ्या बाकाचं मोल कळतं. मी मागे जाऊ शकतो, निदान पत्र्याच्या चकतीपर्यंत तरी.

या हिवाळ्यात नव्या पुंगळ्यांची पेटी आली आहे. उडवायच्या आधीच प्रत्येकीच्या मानेची भिंत चार बाजूंनी मोजायची, पातळ बाजूला बुडावर बारीक खूण करायची, आणि ती खूण डायमध्ये दर वेळी एकाच दिशेला ठेवत पुढे जायचं, असं ठरवलं आहे. शेजाऱ्यांनी त्यांची जुनी डाय दिली आहे, एक्सपांडर बॉलसकट. दोन गट करून तो बॉल कुणाची मान किती झुकवतो, आणि पातळ बाजूकडेच झुकवतो का, ते बघायचं आहे. तसं झालं तर भिंतीच्या मापावरून वाकाची बाजू आधीच सांगता येईल.